अठ्ठेचाळीस तासांचा बंद

१२ जून २०२३, सोमवार. त्या दिवशी मी आंदोलन केलं. म्हणजे फोनवरचं एक अ‍ॅप उघडलं नाही.

हसू नका. रेडिट न उघडता दिवस काढणं ही माझ्यासाठी तेव्हा लहान गोष्ट नव्हती. कोडचा बिल्ड चालू असताना, कंपनीच्या बसमध्ये, जेवताना, रात्री झोप येत नसताना माझा अंगठा आपोआप त्या एका जागी जायचा. त्यातही रेडिटच्या स्वतःच्या अ‍ॅपवर नाही, तर 'रेडिट इज फन' नावाच्या, बाहेरच्या डेव्हलपरने बनवलेल्या साध्यासुध्या अ‍ॅपवर. आम्ही त्याला 'रिफ' म्हणायचो. कॉलेजपासून मी तेच वापरत आलो होतो.

त्या एप्रिलमध्ये रेडिटने जाहीर केलं, की बाहेरच्या अ‍ॅप्सना रेडिटवरचा मजकूर ज्या दारातून मिळतो, त्या एपीआयला आता पैसे पडतील. ३१ मे रोजी 'अपोलो' या आयफोनवरच्या गाजलेल्या अ‍ॅपचा डेव्हलपर ख्रिश्चन सेलिग याने सगळा हिशेब उघड मांडला. पाच कोटी रिक्वेस्टना १२ हजार डॉलर. त्याच्या अ‍ॅपच्या वापराप्रमाणे हे वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर होत होते. एवढे पैसे आणायचे कुठून? अपोलो ३० जूनला बंद होणार हे ठरलं. रिफचंही तेच.

मग बंद पुकारला गेला. रेडिट म्हणजे विषयवार हजारो कट्टे, त्यांना सबरेडिट म्हणतात. प्रत्येक कट्टा सांभाळणारे मॉडरेटर बिनपगारी असतात. त्यांच्या हातात एक कुलूप होतं: आपला कट्टा 'खाजगी' करून टाकायचा. १२ जूनला आठ हजारांहून जास्त कट्ट्यांना अशी कुलपं लागली. मुदत ठरली होती ४८ तासांची.

१४ तारखेला मी परत आलो, रिफवरूनच. आणि आल्या आल्या वाचलं काय, तर आंदोलनाबद्दलच. रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेला मेमो फुटला होता. त्याचा मथितार्थ असा, की गोंगाट बराच आहे, पण आपल्याकडच्या आधीच्या सगळ्या भडक्यांसारखा हाही निघून जाईल. आणि कमाईवर अजून तरी लक्षात येण्यासारखा परिणाम दिसलेला नाही.

लोक भयंकर चिडले. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. कारण जवळजवळ असंच वाक्य काही महिन्यांपूर्वी मी आमच्याच ऑफिसात ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. त्या मीटिंगबद्दल पुढे सांगतो. आधी इतिहास बघू, कारण 'हे निघून जाईल' हे वाक्य २०२३ मध्ये जन्मलेलं नाही. त्याचं वय माझ्या निम्म्याहून जास्त आहे.

सात लाखांचा विरोध

५ सप्टेंबर २००६. फेसबुक तेव्हा मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचं होतं आणि त्याचे वापरकर्ते एक कोटीच्या आसपास होते. तोवर मित्राचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. त्या पहाटे सगळं बदललं. लॉग-इन केल्याबरोबर समोर यादी: अमक्याने फोटो टाकला, तमकीचं नातं तुटलं. हेच न्यूज फीड. आज त्याच्याशिवाय सोशल मीडिया कसा असेल हे आपल्याला डोळ्यांपुढे आणता येत नाही. तेव्हा मात्र लोकांना कुणीतरी खिडकीतून डोकावतंय असं वाटलं.

न्यूज फीडच्या प्रॉडक्ट मॅनेजर होत्या रुची संघवी. त्या पुण्यात वाढल्या, कार्नेगी मेलनला इंजिनिअरिंग शिकल्या आणि फेसबुकच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. या बदलाची घोषणा करणारी पोस्टही त्यांच्याच नावाने होती, त्यामुळे लोकांच्या रागाच्या पहिल्या धनी त्याच झाल्या. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवरच न्यूज फीडविरोधी ग्रुप काढला. काही दिवसांत त्याचे सदस्य सात लाखांच्या वर गेले. दर चौदा-पंधरा वापरकर्त्यांमागे एक! आजच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर या प्रमाणात आंदोलन झालं तर आकडा काही कोटींत जाईल.

झुकरबर्ग यांनी त्याच दिवशी पोस्ट लिहिली, तिचं शीर्षकच 'शांत व्हा, श्वास घ्या, आम्ही ऐकतोय' अशा अर्थाचं होतं. तीन दिवसांनी दुसरी पोस्ट आली, त्यात सरळ माफी होती. इंजिनिअरांनी रात्रंदिवस बसून प्रायव्हसीची नवी बटणं बनवली. पण न्यूज फीड काढलं नाही.

का काढलं नाही? कारण ऑफिसात बसलेल्यांना आकडे दिसत होते. शिव्या देत देत लोक फेसबुकवर आधीपेक्षा जास्त वेळ घालवत होते. आणि गंमत अशी, की तो विरोधी ग्रुप इतक्या झपाट्याने वाढला तो न्यूज फीडमुळेच. 'तुमचा मित्र न्यूज फीडविरोधी ग्रुपमध्ये सामील झाला' ही बातमी प्रत्येकाच्या फीडमध्ये जात होती. ज्या यंत्राविरुद्ध आंदोलन, तेच यंत्र आंदोलनाची पत्रकं वाटत होतं. यंत्र उत्तम चालतं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

त्या आठवड्यात आपल्या धंद्याने एक धडा गिरवला: लोक काय म्हणतात ते ऐकून घ्या, माफी मागा, पण निर्णय घ्यायचा तो ते काय करतात हे बघून.

वर्षभराने, नोव्हेंबर २००७ मध्ये, फेसबुकने 'बीकन' आणलं. तुम्ही दुसऱ्या वेबसाइटवर काही विकत घेतलं की ती खबर तुमच्या मित्रांना! या वेळी विरोधाच्या अर्जावर जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास लोक होते, पण फेसबुकने महिन्याभरात माघार घेतली आणि २००९ मध्ये बीकन बंदच केलं. सात लाख हरले आणि पन्नास हजार जिंकले, असं कसं? पन्नास हजारांच्या पाठीशी दुसरे लोक उभे राहिले. कोका-कोलासारख्या कंपन्या मागे सरल्या आणि २००८ मध्ये कोर्टात दावा दाखल झाला. तो मिटवताना फेसबुकला ९५ लाख डॉलर मोजावे लागले. पैसे देणारे आणि न्यायाधीश, या दोघांना 'शांत व्हा, श्वास घ्या' म्हणता येत नाही.

जायला जागा असेल तर

मग निघून गेलेलं चालतं का? चालतं, पण त्यासाठी शेजारी दुसरं घर लागतं.

'डिग' हे नाव आज तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलंही नसेल. २००७-०८ च्या सुमाराला इंटरनेटवर कुठली बातमी वाचायची हे ठरवणारी ती मोठी साइट होती. लोक दुवे टाकायचे आणि मतं द्यायचे. १ मे २००७ रोजी तिथे पहिला मोठा उठाव झाला. एचडी-डीव्हीडीचं कुलूप उघडणारा एक गुप्त आकडा वापरकर्त्यांनी टाकला, वकिलांची नोटीस आल्यावर डिगने तो काढायला सुरुवात केली. लोकांनी तोच आकडा इतक्या पोस्टमध्ये टाकला, की रात्रीपर्यंत साइटवर दुसरं काही उरलं नाही. शेवटी संस्थापक केव्हिन रोझ यांनीच शरणागती पत्करली आणि तो आकडा शीर्षकात घालून पोस्ट लिहिली.

म्हणजे आरडाओरड चालते? थांबा. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने चौथी आवृत्ती आणली. नको असलेली बातमी खाली ढकलायचं बटण गेलं, मोठ्या प्रकाशकांचे दुवे आपोआप येऊ लागले. लोक पुन्हा ओरडले, या वेळी कुणी नमलं नाही. मग ३० ऑगस्टला वापरकर्त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. डिगचं पहिलं पान त्यांनी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं, आणि त्या दुव्यांवरून खरोखरच निघून गेले. दोन महिन्यांत डिगने तिसऱ्या भागाहून जास्त कर्मचारी कमी केले. एके काळी गूगल २० कोटी डॉलरला घेणार अशा बातम्या असलेली साइट २०१२ मध्ये, त्या वेळच्या वृत्तांनुसार, पाच लाख डॉलरला गेली.

यात रेडिटचं कर्तृत्व फार नव्हतं. ते फक्त शेजारी होतं, तयार होतं आणि तिथलं सगळं ओळखीचं होतं. २०२३ मध्ये आम्ही रेडिटवरून निघायचं ठरवलं असतं तर कुठे गेलो असतो? पर्याय होते, पण रिकाम्या सोसायटीत फ्लॅट घेतल्यासारखे. लिफ्ट आहे, दिवे आहेत, बोलायला माणूस नाही.

तुम्हीही हे अनुभवलंय. जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सअ‍ॅपची नवी प्रायव्हसी पॉलिसी आली: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. इलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' असं दोन शब्दांत ट्वीट केलं. सिग्नलवर इतकी गर्दी झाली, की एक दिवस ते बंद पडलं. व्हॉट्सअ‍ॅपने आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या आणि मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली.

आमच्या घरात या क्रांतीचा म्होरक्या मीच होतो. लॉकडाऊननंतर घरूनच काम करत होतो, वेळ होता. आई, बाबा, काका, आत्या, सगळ्यांच्या फोनवर मी सिग्नल टाकलं आणि घरचा ग्रुप काढला. तो ग्रुप अजून आहे. त्यातला शेवटचा मेसेज १४ जानेवारी २०२१ चा, आत्याचा: तिळगूळ घ्या, गोड बोला. त्यानंतर गोड-कडू जे काही बोलणं झालं ते व्हॉट्सअ‍ॅपवरच. कारण सोसायटीचा ग्रुप तिथे, डबेवाल्या मावशी तिथे, भाचीच्या शाळेचा गृहपाठ तिथे. आत्याला मी अ‍ॅप बदलायला सांगत होतो, पण खरं तर मी तिला गाव बदलायला सांगत होतो.

मतदान रद्द करण्यासाठी मतदान

या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. काही वर्षं फेसबुकवर लोकशाही होती.

फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने नियमावली गुपचूप बदलली. अकाउंट बंद केलं तरी तुमचा मजकूर वापरायचा हक्क आमच्याकडे राहील, असा तिचा अर्थ लोकांनी लावला. गदारोळ झाला, काही दिवसांत जुने नियम परत आले. झुकरबर्ग यांनी आणखी एक पाऊल टाकलं: यापुढे मोठ्या बदलांवर वापरकर्ते मतदान करतील. अट एकच. सक्रिय वापरकर्त्यांपैकी ३० टक्के लोकांनी मत दिलं, तरच निकाल कंपनीवर बंधनकारक.

एप्रिल २००९ च्या पहिल्या मतदानात साडेसहा लाखांच्या वर मतं पडली. लागणार होती सुमारे सहा कोटी. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकने प्रस्ताव मांडला, की ही मतदानाची पद्धतच बंद करावी. त्यावर मतदान झालं. ६ लाख ६८ हजार ८७२ लोकांनी मत दिलं, त्यातले ८८ टक्के म्हणाले, मतदान राहू द्या. पण तोवर वापरकर्ते १०० कोटी झाले होते, म्हणजे ३० कोटी मतं हवी होती. मतदान बंद झालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. नंतर वाटलं, मला तेव्हा अकाउंट असतं तर मी मत दिलं असतं का? बहुधा नसतंच दिलं. नोटिफिकेशन बाजूला सारून फोटो बघत बसलो असतो.

आमची मीटिंग

आता ती मीटिंग. मी ज्या कंपनीत होतो तिचं नाव महत्त्वाचं नाही, अ‍ॅप लाखभर लोक वापरायचे. आम्ही होम स्क्रीन बदलली. दुसऱ्या दिवसापासून प्ले स्टोअरवर एकेक तारा देणाऱ्यांची रांग लागली. 'जुनं परत आणा', 'कुणाचं डोकं चाललं हे', आणि काही छापण्याजोगं नसलेलं मराठीतही. आठवड्यात चारशेच्या आसपास.

मीटिंगमध्ये मॅनेजरने मला एकच विचारलं, "रिटेन्शन हललंय का?" म्हणजे अपडेटनंतर सात दिवसांनी परत येणाऱ्यांचं प्रमाण. तो डॅशबोर्ड मीच बांधला होता. रेष थोडी वाकली होती आणि पुन्हा सरळ होत होती. मी म्हणालो, "नाही, फारसं नाही." ते म्हणाले, "मग दोन आठवडे थांबू. होईल शांत." झालंही.

त्या चारशेंपैकी एका रिव्ह्यूने मात्र काम केलं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो त्यावर मी चालवतो. नव्या स्क्रीनवर पावतीचं बटण फोन वाचतच नाही. त्याच दुपारी त्याचं टिकेट बनलं आणि मी अर्ध्या दिवसात ते दुरुस्त केलं. बाकी तीनशे नव्व्याण्णव लोकांना काहीही मिळालं नाही.

रेडिटवरही अगदी हेच झालं होतं. बंद सुरू होण्याआधीच, अंध वापरकर्त्यांच्या कट्ट्याने धरून लावल्यामुळे, रेडिटने 'रेडरीडर', 'डिस्टोपिया' अशा त्यांना उपयोगी, नफा न कमावणाऱ्या अ‍ॅप्सना नव्या दरातून सूट दिली. मागणी नेमकी होती, स्वस्तात भागणारी होती, आणि नाकारली असती तर कंपनीचीच लाज गेली असती. 'जुनं परत आणा' या मागणीत यातलं काहीच नव्हतं.

नेमकेपणाची ताकद आपल्या देशाने याहून मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीवर ११८ पानी मसुदा काढून २० प्रश्न विचारले. स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची उत्तरं तयार करून 'सेव्ह द इंटरनेट' साइटवर ठेवली आणि महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातला एक माझा, हॉस्टेलच्या वायफायवरून, खरं सांगायचं तर अर्धामुर्धा वाचून पाठवलेला. डिसेंबरमध्ये ट्रायने पुन्हा प्रश्न विचारले, तेव्हा फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स'साठी तीच युक्ती उलटी वापरली: वापरकर्त्यांना एक बटण दाबायला लावून लाखो पाठिंब्याचे मेसेज ट्रायकडे धाडले. ट्रायने सुनावलं, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, हे जनमत घडवून आणलेलं आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला आणि वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी झाली. फ्री बेसिक्सला भारतातून गाशा गुंडाळावा लागला.

दोन्ही बाजूंनी लाखो क्लिक होते. फरक इतकाच, की एका बाजूने प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि ती अशा माणसाला दिली होती ज्याचा हुकूम कंपनीला मानावाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या पॉलिसीचं तरी काय झालं? आपण सगळे परत फिरलो, पण स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू ठेवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. पुढे अपिलं झाली. पण माझ्या सिग्नल ग्रुपपेक्षा ते प्रकरण नक्कीच जास्त जगलं.

कुलूप कुणाला लागतं

रेडिटवर १४ जूननंतरही काही कट्टे बंद राहिले. कुणी फक्त विनोदवीर जॉन ऑलिव्हरचे फोटो टाकायचे असा नियम केला. कुणी आपला कट्टा 'प्रौढांसाठी' ठरवला, कारण तिथे जाहिराती लागत नाहीत. हफमन एका मुलाखतीत मॉडरेटरांना जमीनदार-सरंजामदारांच्या पंगतीत बसवून मोकळे झाले. आपल्याकडचा शब्द वतनदार. फुकट राबणारे वतनदार! कट्टे उघडा, नाहीतर दुसरे नेमू, असा दम मिळाला, काहींना काढलंही. ३० जूनला रिफ बंद झालं. मार्च २०२४ मध्ये रेडिटचा शेअर ३४ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ५० च्या वर बंद झाला.

तर आंदोलन फसलं. मीही वर्षभर असंच म्हणत होतो. मग सप्टेंबर २०२४ च्या शेवटी रेडिटने एक छोटा नियम जाहीर केला: यापुढे सार्वजनिक कट्टा खाजगी करायचा किंवा 'प्रौढांसाठी' करायचा तर कंपनीची परवानगी घ्यावी लागेल.

हे वाचून मी थांबलो. जे आंदोलन कमाईवर ओरखडाही न काढता निघून गेलं, ते पुन्हा होऊ नये म्हणून एवढी तजवीज कशाला? तीस टक्के मतं कधी पडणारच नव्हती, तर मतदान बंद कशाला केलं? कंपन्या आपल्याला सांगतात, की तुमच्या ओरडण्याने काही होत नाही. पण त्या काय म्हणतात यापेक्षा काय करतात ते बघायचं, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलोय. त्यांनी ओरडण्यावर बंदी घातली नाही. त्यांनी कुलूप काढून घेतलं. म्हणजे भीती कुलपाची होती.

आणि ते कुलूप हातात असताना आम्ही काय केलं? किती वेळ लावणार ते आधीच सांगून टाकलं. संप करणारा कामगार पहिल्याच दिवशी मालकाला 'परवा कामावर येतो' असं सांगत नाही. आम्ही सांगितलं. पलीकडच्या माझ्यासारख्याच कुणा इंजिनिअरने डॅशबोर्ड उघडला असेल आणि म्हणाला असेल, फारसं नाही, दोन दिवस थांबू.

गेल्या वर्षी मी आमच्या डॅशबोर्डवर एक रेष वाढवली. अपडेटनंतर गेले आणि नव्वद दिवसांत परत आले नाहीत, अशांची. मीटिंगमध्ये ती फारशी कुणी बघत नाही, कारण ती बारीक असते आणि उशिरा हलते. पण एकदा हलली की परत जागेवर येत नाही. रेडिटकडेही अशी रेष असेलच कुठेतरी. तिच्यात मी नाही. मी तिसऱ्या दिवशी परत आलेल्यांत आहे.